'संत तुकाराम' पुन्हा पुन्हा का पाहावा?

एकदा वाचलेला ग्रंथ पुन्हा वाचणाऱ्यास आपला समाज व्यासंगी म्हणतो, एकदा ऐकलेले आख्यान पुन्हा ऐकणाऱ्यास भाविक म्हणतो, आणि एकदा पाहिलेला चित्रपट पुन्हा पाहावयास निघालेल्यास मात्र रिकामटेकडा म्हणतो. हा भेद कोणत्या न्यायाने केला जातो, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही. ज्या पिढीने 'सौभद्र' आणि 'मानापमान' यांचे प्रयोग रात्री-रात्री जागून वारंवार पाहिले, त्या पिढीस सुभद्रेचे लग्न अखेर कोणाशी लागते हे का ठाऊक नव्हते? आषाढीस पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्यास वाटेतील मुक्काम पाठ असतात, आणि तरीही तो पुढल्या वर्षी पुन्हा निघतो. कथा कळावी म्हणून आपण कथेकडे परत जात नाही. जे आधीच कळले आहे त्याच्या आत आणखी काय दडले आहे, हे पाहावयास जातो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. नाटकाचा प्रयोग रोज नवा असतो. गवई तीच चीज आज वेगळी मांडतो. चित्रपटाची फीत मात्र जशीच्या तशीच फिरते. मग तिच्यात दुसऱ्या वेळी नवे ते काय सापडणार? वकिली पेशातल्या माणसास या आक्षेपाचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. आमच्या दप्तरातले खरेदीखत किंवा वाटणीपत्र पन्नास वर्षांत एका अक्षरानेही बदलत नाही. तरी प्रत्येक नव्या दाव्यात ते नव्याने वाचावे लागते, कारण त्याच्यापुढे ठेवलेला प्रश्न नवा असतो. दस्तऐवज तोच राहतो, आणि त्याच्यातून मिळणारा जबाब बदलत जातो. उत्तम चित्रपट हा असा दस्तऐवज असतो. प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' हा मराठी भाषेतील अशा दस्तऐवजांत अग्रगण्य आहे असे आमचे मत असून, ते मत येथे साधार मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम या चित्रपटाची पूर्वपीठिका पाहू. प्रभात कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरास झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे संस्थापक. यांपैकी पहिले चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या तालमीतून बाहेर पडलेले होते. १९३३ साली कंपनीने आपला संसार पुण्यास हलविला. दामले आणि फत्तेलाल यांची जोडी मुख्यतः पडद्यामागची. दामल्यांचे लक्ष ध्वनिलेखनावर, फत्तेलालांचे कलादिग्दर्शनावर. मूकपटाच्या काळी दोघांनी 'महारथी कर्ण' दिग्दर्शित केला होता, परंतु बोलपटांच्या जमान्यात दिग्दर्शक म्हणून शांतारामांचेच नाव गाजत होते. अशा स्थितीत या दोन अबोल कारागिरांनी, एक हिंदू व एक मुसलमान, वारकरी पंथाच्या सर्वांत लाडक्या संताचे चरित्र हाती घेतले. शिवराम वाशीकरांनी कथा व संवाद लिहिले, केशवराव भोळ्यांनी संगीत दिले, शांताराम आठवल्यांनी गीतरचनेची बाजू सांभाळली.

मुख्य भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांची निवड झाली, तेव्हा कंपनीतच भुवया उंचावल्या. पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट. भजनी गायक म्हणून त्यांचा लौकिक होता खरा, पण तुकोबांसारखा कणखर कुणबी ते कसा उभा करणार, अशी शंका होती. जिजाईच्या भूमिकेसाठी निवडलेली गौरी ही तर कंपनीत किरकोळ कामे करता करता पडद्यावर आलेली बाई. नामांकित नटनटींची फौज जवळ नसताना, किंबहुना ती नव्हती म्हणूनच, या चित्रपटास देहूची माती चिकटून राहिली. पागनीस अभिनय करतात असे वाटतच नाही. ते भजन म्हणतात, आणि भजन संपल्यावर जो चेहरा उरतो तोच तुकोबांचा म्हणून आपण मान्य करतो.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात हा बोलपट झळकला आणि तेथे ५७ आठवडे चालला. खेड्यापाड्यांतून गाड्या जोडून माणसे तो पाहावयास येत, आणि कित्येकजण पायांतील वहाणा बाहेर काढून मगच आत शिरत, असे त्या काळच्या आठवणी सांगणारे सांगत आले आहेत. १९३७ साली व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि परदेशात असा मान मिळविणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली. तथापि कीर्ती हे पुन्हा पाहण्याचे कारण नव्हे. ती फार तर पहिल्यांदा पाहण्याचे कारण होऊ शकते.

पहिल्यांदा पाहताना आपण चरित्र पाहतो. देहूचा एक वाणी संसारात बसत नाही, विठ्ठलाच्या नादी लागतो, बायको करवादते, गावातला सालोमालो त्याच्या वाईटावर टपून असतो, रामेश्वरशास्त्री त्याच्या वह्या इंद्रायणीत बुडवावयास लावतात, वह्या तरतात, शिवाजी महाराज दर्शनास येतात, आणि शेवटी विमान येऊन त्यास वैकुंठी नेते. हे सारे आपण आजीच्या मांडीवरच ऐकलेले असते. दुसऱ्यांदा पाहताना मात्र, निदान आम्हांस, या कथेच्या पोटात एक खटला दिसू लागतो.

खटल्याचा पहिला मुद्दा कर्तृत्वाचा. चित्रपटाच्या आरंभीच तुकोबा आपल्या साध्या चालीत अभंग म्हणत असतात, आणि तेच शब्द सालोमालो देवळात ठसक्यात, ताना-मुरक्यांनी नटवून, आपले म्हणून श्रोत्यांपुढे ठेवतो. हा सालोमालो वाशीकरांच्या कल्पनेतून उपजलेला नव्हे. दुसऱ्याच्या कवित्वावर आपली नाममुद्रा ठोकणाऱ्या या गृहस्थाविषयी खुद्द तुकोबांनीच गाथेत तक्रार नोंदवून ठेवली आहे. मराठी वाङ्मयातील वाङ्मयचौर्याची ही बहुधा सर्वांत प्रसिद्ध फिर्याद असेल. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात कलम ५७ हे कर्त्याच्या विशेष हक्कांविषयी आहे. कृतीवरील मालकी विकून टाकली तरी 'ही माझी' असे म्हणण्याचा हक्क कर्त्याजवळ राहतो, असे ते कलम सांगते. सतराव्या शतकात असे कलम नव्हते. होती ती केवळ अभंगाच्या शेवटच्या चरणातील नाममुद्रा, आणि तीच सालोमालो पुसत होता.

येथे चरित्रकारांनी एक महत्त्वाचा फेरफार केला आहे, तो इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. परंपरेत तुकोबांचा छळ करणारा म्हणून जो प्रसिद्ध आहे तो मंबाजी गोसावी. बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात मंबाजीने केलेल्या त्रासाची हकीकत येते, आणि तिचे मोल मोठे आहे, कारण बहिणाबाई स्वतः देहूस येऊन राहिल्या होत्या. त्यांची साक्ष प्रत्यक्षदर्शीची आहे. महिपतींनी 'भक्तविजय' व 'भक्तलीलामृत' रचले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे तुकोबांच्या निर्याणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. त्यांची साक्ष श्रद्धेची व ऐकीव. चित्रपटाने मंबाजीचे दुष्कृत्य सालोमालोच्या पदरी घातले आणि दोन प्रतिवादींचा एक केला. कथेच्या सोयीसाठी हे झाले असेल, पण त्याचा परिणाम खोल आहे. छळामागचे कारण आता नुसता मत्सर राहत नाही. ज्याला स्वतःचा शब्द नाही त्याने शब्द असलेल्या माणसाविरुद्ध मांडलेला तो दावा होतो.

खटल्याचा दुसरा मुद्दा अधिकाराचा, आणि तो पहिल्याहून गंभीर. सालोमालो जेव्हा रामेश्वरशास्त्र्यांस देहूस आणतो, तेव्हा हे शब्द कोणाचे हा प्रश्न मागे पडतो, आणि शूद्राने हे शब्द उच्चारावेच का, हा प्रश्न पुढे येतो. शास्त्र्यांचा निवाडा स्पष्ट आहे: अधिकार नाही, सबब वह्या पाण्यात. चोरीचा आरोप करणारा वादी क्षणात स्वतःच आरोपी होतो. रामेश्वरभटांच्या आज्ञेची आणि तेरा दिवसांच्या धरण्याची हकीकत परंपरेने जपली आहे. ज्या रामेश्वरभटांनी वह्या बुडवावयास लावल्या, त्यांच्याच नावावर तुकोबांची आरती आजही महाराष्ट्रात म्हटली जाते. निवाडा देणाऱ्याने आपलाच निवाडा फिरवून प्रतिवादीच्या पायांवर डोके ठेवावे, अशी उदाहरणे न्यायाच्या इतिहासात फार थोडी सापडतील.

हा मुद्दा १९३६ साली केवळ सतराव्या शतकापुरता नव्हता. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला तो मार्च १९३० मध्ये, आणि तो काही वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रभातने एकनाथांवरील 'धर्मात्मा' काढला. त्याचे मूळ नाव 'महात्मा' होते, परंतु त्यात गांधीजींची छाया दिसते म्हणून सेन्सॉरने ते बदलावयास लावले. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्रावणकोरच्या महाराजांनी मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा काढला, आणि त्यानंतर बरोबर एक महिन्याने 'संत तुकाराम' पडद्यावर आला. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसास 'अधिकार नाही' हे शब्द पोथीतले वाटले नसतील. ते त्याने त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रातही वाचले असतील.

परंतु याच ठिकाणी चित्रपटाची उलटतपासणीही केली पाहिजे. आंबेडकरांच्या 'जातिसंस्थेचे उच्छेदन' या १९३६ सालच्या भाषणग्रंथावर गांधीजींनी आक्षेप घेतला, तेव्हा त्यास दिलेल्या उत्तरात डॉक्टरांनी संतांविषयी आपले मत रोखठोक मांडले. संतांनी देवापुढे सारी माणसे समान आहेत असे सांगितले. माणसापुढे माणूस समान आहे यासाठी त्यांनी लढा दिला नाही, आणि म्हणून जातिसंस्थेस त्यांचा धक्का लागला नाही, असे त्या मताचे सार आहे. हे मनात ठेवून चित्रपट पुन्हा पाहिला, की त्याची मर्यादा दिसते. वह्या पाण्यातून वर येतात, शास्त्री नमतात, गाव आनंदते. पण तुकोबांनंतर दुसरा एखादा कुणबी, किंवा गावकुसाबाहेरचा एखादा माणूस, तशीच वही घेऊन आला तर त्याचे काय? चित्रपट त्याविषयी मौन पाळतो. वकिलीच्या भाषेत सांगावयाचे तर येथे झाली ती एका पक्षकारापुरती तडजोड. पुढच्यांस आधार व्हावा असा निर्णय त्यातून निघाला नाही. आवडत्या कलाकृतीकडे परत जाण्याचा एक लाभ हा, की आपण तिच्या गुणांप्रमाणे तिच्या उणिवांनाही ओळखू लागतो, आणि तरीही तिच्यापासून दूर होत नाही.

तिसऱ्यांदा पाहताना नजर तुकोबांवरून ढळून जिजाईवर स्थिरावते. कीर्तनकारांनी या बाईस पिढ्यान् पिढ्या कर्कशा म्हणून रंगविले. तिच्या तोंडाळपणावर श्रोते हसले आणि तुकोबांच्या सहनशीलतेस त्यांनी दाद दिली. गौरीची जिजाई पाहून पहिल्या वेळी आपणही हसतो. म्हशीशी चाललेले तिचे लडिवाळ बोलणे, नवऱ्यावरचा वैताग, त्या काळ्या विठोबाविषयीची तिची कायमची अढी, हे सारे विनोदाच्या अंगाने येते. मग मुलगा आजारी पडतो, आणि ती हातात पायताण घेऊन त्यास ओढत देवळात शिरते व देवालाच जाब विचारते. या दृश्यास हसणारा प्रेक्षक दुसऱ्या खेपेस हसत नाही. तिसऱ्या खेपेस त्यास कळते, की सबंध चित्रपटात देवाशी इतक्या रोखठोक भाषेत बोलणारी व्यक्ती एकच आहे. तुकोबा देवाची आळवणी करतात, ही बाई फिर्याद करते. आळवणी करणाऱ्याइतकाच फिर्याद करणाऱ्याचाही समोरच्याच्या अस्तित्वावर विश्वास असावा लागतो. ऐकणारा कोणी नाही असे ज्यास वाटते तो फिर्याद घेऊन जाईलच कशास?

तिची फिर्याद पोकळ नव्हती, हे इतिहास सांगतो. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्यात तुकोबांचा व्यापार बुडाला आणि त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. ही व्यथा त्यांनी स्वतःच आपल्या आत्मपर अभंगात सांगितली आहे. ज्या घरात एक बाई भुकेने मेली, त्या घरात दुसरी नांदत होती. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा तुकोबा परत करतात तेव्हा, क्षणभर अंगावर आलेली वस्त्रेभूषणे उतरवून ठेवताना जिजाईचा जो संताप होतो, तो लोभी बाईचा संताप म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. चित्रपट तसे पाहत नाही. तो दोन्ही पक्षांस पूर्ण बोलू देतो. वैराग्यही खरे आणि चूलही खरी, असे म्हणून तो थांबतो.

शेवटच्या प्रसंगात तर हे अधिकच उत्कट होते. तुकोबा वैकुंठास चल म्हणून तिला विनवितात, आणि ती ते थट्टेवारी नेते. मुले, म्हैस, स्वयंपाक सोडून कुठे जायचे? विमान येते, तुकोबा जातात, आणि ती पृथ्वीवर राहते. सामान्य भाविकास यात तिचे दुर्दैव दिसते. इतिहास मात्र एक वेगळीच नोंद देतो. तुकोबांच्या पश्चात जन्मलेल्या त्यांच्या धाकट्या पुत्राने, नारायण महाराजांनी, १६८५ साली देहूहून पंढरपूरला पालखी नेण्याचा सोहळा सुरू केला असे परंपरा मानते. आज लक्षावधी पावले ज्या वाटेने चालतात, ती वाट मागे राहिलेल्या त्या बाईच्या घरातून निघाली आहे. ती विमानात बसली असती तर ते घर कोणी चालविले असते?

चमत्कारांविषयी बोलल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही, कारण सुशिक्षित प्रेक्षक नेमका तेथेच अडखळतो. देवळात शत्रूचे सैनिक शिरतात आणि जिकडे पाहावे तिकडे शिवाजीच शिवाजी दिसू लागतात. गरुडाच्या आकाराचे विमान आकाशातून उतरते. आजच्या तंत्रापुढे ही करामत बाळबोध दिसेल. ऐतिहासिक पुराव्याच्या कसोटीस यांतले काही उतरणारही नाही. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, तुकोबांचे निर्याण १६४९ वा १६५० चे. भेट झालीच असेल तर महाराज तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे असतील. भेट अशक्य नाही, पण पक्क्या पुराव्याने सिद्धही झालेली नाही. तरीही आमचे म्हणणे असे, की या चित्रपटाने चमत्कार ज्या रीतीने दाखविले ती रीत स्वतःच एक ऐतिहासिक पुरावा आहे. कॅमेरा विमानाकडे आणि म्हशीकडे एकाच सरळ नजरेने पाहतो. विमान आले म्हणून तो डोळे विस्फारीत नाही, आणि म्हैस आली म्हणून नाक मुरडीत नाही. वारकऱ्याचे मन असेच पाहत आले आहे. तुकोबा कसे होते, याचा पुरावा या चित्रपटात थोडाच सापडेल. परंतु तीनशे वर्षे मराठी माणसाने आपल्या तुकोबांस कसे पाहिले, याचा इतका प्रामाणिक पुरावा दुसरा मिळणे कठीण.

आता गाण्यांकडे वळू. चित्रपटातील बहुतेक अभंग गाथेतले आहेत, पण 'आधी बीज एकले' हे पद शांताराम आठवल्यांचे आहे. ते इतके अस्सल उतरले, की कित्येक जाणकारांनी ते गाथेत शोधून पाहिले असे सांगतात. गाथेत साडेचार हजारांच्या घरात अभंग असल्यामुळे न सापडल्यास आपलीच नजर चुकली असे कोणासही वाटावे. या पदाच्या शेवटी 'तुका म्हणे' ही मुद्रा नाही, हे लक्षपूर्वक ऐकणाऱ्याच्याच ध्यानी येते. ज्या चित्रपटाची कथा परक्या शब्दांवर आपले नाव घालणाऱ्यापासून सुरू होते, त्याच चित्रपटात एका कवीने आपले शब्द संताच्या मुखी घातले, आणि त्यावर ना संताचे नाव घातले, ना स्वतःचे. आठवल्यांचा हा सचोटीचा व्यवहार पहिल्या भेटीत कोणाच्याच ध्यानी येत नाही. तो चौथ्या-पाचव्या वेळी उलगडतो.

या सर्व विवेचनास आणखी एक बाजू आहे, आणि महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या आपल्यासारख्यांस ती अधिक जवळची आहे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवे, कोठेही पाहा, आपल्या घरांत मराठी आहे, पण ती बहुधा स्वयंपाकघरात आणि देवघरात आहे. मुलांची शाळा दुसऱ्या भाषेत, कचेरी तिसऱ्या भाषेत. अशा घरातील मुलाच्या हाती गाथा दिली तर तो आदराने कपाळास लावील व आदरानेच फडताळात ठेवील. पण जिजाई म्हशीस हाक मारते, नवऱ्यावर खेकसते, देवावर डाफरते, तेव्हा ती भाषा त्यास कोशावाचून कळते, कारण त्याच्या आजीच्या तोंडी ती अजून शिल्लक असते. आणि एकदा जिजाईची भाषा कळली, की तिच्या नवऱ्याची भाषा फार दूर राहत नाही. गाथेच्या वाड्यास जे मागचे दार आहे त्याची किल्ली या बाईजवळ आहे. हे दार एकदा उघडून भागत नाही. मूल वाढते तसे ते पुन्हा पुन्हा उघडावे लागते.

शेवटी प्रश्न उरतो तो जतनाचा. त्या काळचे चित्रपट नायट्रेटच्या फितीवर निघत. ही फीत एकदा पेटली की स्वतःच स्वतःस प्राणवायू पुरविते, आणि पाण्याखालीही जळत राहते. पेटली नाही तरी कालांतराने तिची भुकटी होते. प्रभात कंपनी १९५३ च्या सुमारास बंद पडली. तिच्या पुण्यातील वास्तूत १९६० साली सरकारी चित्रपट-शिक्षणसंस्था निघाली, आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्या संग्रहातील नायट्रेट फितींच्या कोठारास जानेवारी २००३ मध्ये आग लागली, आणि भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळाचा मोठा ठेवा मूळ रूपात नाहीसा झाला. इंद्रायणीने वह्या परत दिल्या, परंतु अग्नीने फिती परत दिल्या नाहीत. व्हेनिसहून आलेले प्रशस्तिपत्रदेखील मध्यंतरी अनेक वर्षे गहाळ होते, ते २००४ साली संग्रहालयास परत मिळाले.

तरी 'संत तुकाराम' आपणांस आज पाहावयास मिळतो. हे कसे घडले? उत्तर साधे आहे: त्याच्या प्रती निघत राहिल्या, म्हणून. आणि प्रती निघत राहिल्या त्या लोक तो पुन्हा पुन्हा मागत राहिले, म्हणून. जो चित्रपट कोणी दुसऱ्यांदा मागितला नाही, त्याची प्रत काढण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत, आणि तो गेला. मूकपटांच्या काळातील आपले कित्येक चित्रपट असेच कायमचे गेले आहेत.

नीट विचार केला तर गाथेचीही कहाणी हीच आहे. वह्या पाण्यातून कोरड्या निघाल्या यावर ज्याची श्रद्धा आहे त्याच्याशी आम्ही वाद घालीत नाही. परंतु आज गाथा आपल्या हाती आहे, तिच्यामागे माणसांचे हातही आहेत. संताजी तेली जगनाडे यांनी अभंग उतरून ठेवले, आणि त्यांच्या वह्यांवरून वि. ल. भाव्यांनी विसाव्या शतकात पाठ छापला. त्याआधी १८६९ ते १८७३ या काळात विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी निरनिराळ्या हस्तलिखितांवरून इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचे दोन भाग काढले. आणि या साऱ्यांच्याही आधी गावोगावच्या कोणा अनाम टाळकऱ्यांनी तेच अभंग एकादशीमागून एकादशी म्हटले. त्यांना ते पाठ होते, तरीही म्हटले. किंबहुना म्हणत राहिले म्हणूनच पाठ राहिले. बुडविलेली वही ज्यांच्या कंठात तरली, ती माणसे तेच ते पुन्हा म्हणण्यास कंटाळणारी नव्हती.

आता हा चित्रपट पाहण्यासाठी गाडी जोडून शहर गाठावे लागत नाही. तो घरबसल्या, हातातल्या यंत्रावरही दिसतो. पण सोय झाली म्हणून पाहणे होतेच असे नाही. फडताळातली गाथाही सोयीच्याच जागी असते. म्हणून वाचकहो, आमची विनंती एवढीच, की येत्या एखाद्या एकादशीस घरातील सर्वांनी मिळून तो पाहावा, आणि 'आम्ही पाहिलेला आहे' ही सबब कोणी पुढे करू नये. ज्येष्ठांनी सालोमालोकडे लक्ष ठेवावे, लेकीसुनांनी जिजाईकडे, आणि मुलांनी म्हशीकडे पाहिले तरी चालेल. पुढच्या वर्षी नजरा बदलतील.